रणगाडावाहू जहाजाच्या नोंदी कशा वाचायच्या? एलएसटी-३२५ च्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत इव्हान्सव्हिलला नदीकाठी उभं असलेलं दुसऱ्या महायुद्धातलं एलएसटी-३२५ (एलएसटी म्हणजे ‘लँडिंग शिप, टँक’, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं जहाज) तुम्ही पाहिलंत आणि त्यावर मराठीत लेख लिहायचा आहे. पण जिथे बघावं तिथे त्याचा इतिहास ‘सिसिली, सालेर्नो, नॉर्मंडी’ या तीन नावांत आटोपलेला. त्यातही नॉर्मंडीला हे जहाज चढाईच्या पहिल्या दिवशी, ६ जूनला नाही, तर ७ जूनला पोचलं. मग त्याने नेमकं केलं काय, आणि सेवा-इतिहास लिहायचा तर काय धरून? जाता जाता हेही विचारलंय, की आपल्या नौदलाकडे असं जहाज कधी होतं का.

तीन नावांपलीकडे हाती काही लागत नाही, कारण आपण लढाऊ जहाजाची फूटपट्टी मालवाहू जहाजाला लावतो. विनाशिकेचा इतिहास लढायांच्या नावांनी लिहिता येतो. एलएसटी म्हणजे समुद्रावरची एसटीच, नावातच आहे. तिच्या बाबतीत मार्ग कुठला, फेऱ्या किती, भरलं काय, उतरवलं कुठे आणि अडकली कशामुळे, हे बघायचं. पदकाच्या फितीवरचा तारा मिळायचा तो मोहिमेगणिक. एका मोहिमेत एक फेरी मारा नाहीतर चाळीस, तारा एकच. म्हणून ताऱ्यांची यादी पुढे ठेवून लिहायला बसलात, तर जहाजाचं निम्म्याहून अधिक काम पहिल्याच पानावर गळून जातं.

किती खोलात जाता येईल हे त्या काळातल्या कोणत्या नोंदी हाताशी आहेत यावर अवलंबून. महायुद्धाच्या वर्षांसाठी अमेरिकी जहाजांच्या युद्धडायऱ्या आणि डेक लॉग, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदवह्या, मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. युद्धानंतरच्या काळात नोंदींचा साचा बदलतो, आणि जहाज पुढे ग्रीक नौदलात गेलं, त्या काळासाठी तर भाषाच बदलते. तेव्हा सगळी वर्षं सारख्याच तपशिलाने भरायचा हट्ट नको.

जन्मापासून सुरुवात करू, कारण पहिली चूक तिथेच होते. इव्हान्सव्हिलच्या कारखान्यात युद्धकाळात १६७ एलएसटी बांधल्या गेल्या, पण ३२५ ही त्यातली नव्हे. ती फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीतली. २७ ऑक्टोबर १९४२ ला पाण्यात उतरली, १ फेब्रुवारी १९४३ ला नौदलात दाखल झाली. इव्हान्सव्हिलला तिचा मुक्काम २००५ पासूनचा. दुसरी चूक क्रमांकाची. ३२५ म्हणजे तीनशे पंचविसावी बांधलेली असं नाही. क्रमांकांचे गठ्ठे कारखान्यांना वाटून दिलेले होते आणि जो तो आपापल्या वेगाने बांधत होता. तिसरी चूक नावाची. या जहाजांना नावंच नव्हती. १ जुलै १९५५ ला उरलेल्यांपैकी बऱ्याच जहाजांना अमेरिकेतल्या काउंट्यांची नावं मिळाली, तीही ३२५ च्या वाट्याला आली नाहीत.

आता जहाज. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट, ९०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं, वेग अगदी ताणला तर १२ नॉट, ताफ्यात ८-९. तळ सपाट, त्यामुळे भर समुद्रात परातीसारखं डोलतं. नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन दारं आणि त्यामागे खाली पडणारा रॅम्प. दाभोळ-धोपावेची फेरीबोट ज्यांनी वापरली आहे त्यांना रॅम्पचं काम सांगायला नको. फरक इतकाच की तिथे समोर धक्का असतो आणि इथे उघडी वाळू, आणि हेच जहाज महासागरही ओलांडतं. या दोन गोष्टींचा मेळ घालणं हीच या रचनेची खरी करामत. अमेरिकी नौदलाच्या जहाज विभागातल्या जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये तिचा पहिला आराखडा काढला. पोटात टाक्या ठेवल्या. समुद्रात जाताना त्यात पाणी भरायचं, म्हणजे जहाज खोल बसतं आणि लाटेवर धरून राहतं. किनाऱ्याजवळ आलं की पाणी उपसायचं, म्हणजे हलकं होऊन वर येतं.

हे आकड्यांत बघा, कारण पुढचा सगळा इतिहास या आकड्यांतून कळतो. समुद्रात पूर्ण लादलेलं जहाज पुढे साधारण ८ फूट आणि मागे १४ फूट पाण्यात बुडालेलं असतं. ५०० टन माल घेऊन किनाऱ्याला लागताना पुढे ३ फूट ११ इंच, मागे ९ फूट १० इंच. म्हणजे ३२८ फुटांत सुमारे सहा फुटांचा उतार, ढोबळ मानाने ५० ला १. किनाऱ्याचाही उतार इतकाच असला तर तळ सारखा टेकतो आणि रॅम्पपुढे पाणी गुडघाभर-कमरेएवढं राहतं. किनारा याहून सपाट असला की मागचा भाग आधी टेकतो, नाळ तरंगत राहते आणि रॅम्प खोल पाण्यात पडतो. जास्त चढा असला तर उलट: नुसती नाळ टेकते, बाकी जहाज पाण्यात लोंबकळतं आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह त्याला आडवं फिरवतो. महासागरी प्रवासात दोन हजार टनांच्या आसपास भार चालतो, पण किनाऱ्याला लागायचं तर ५०० टन हीच मर्यादा. शर्मन रणगाडा साधारण ३० टनांचा धरला तर सोळा-सतराव्या रणगाड्याला हिशेब भरतो. पुस्तकांत २० हा आकडा दिसतो तो जागेचा असतो. नोंदीत रणगाडे कमी दिसले म्हणून जहाज अर्धं रिकामं होतं असं लिहू नका.

किनाऱ्याला लागण्याची क्रिया एकदा नीट समजून घ्या, कारण लॉगमध्ये ती फक्त दोन क्रियापदांत येते: ‘लागलो’ आणि ‘सुटलो’. किनारा काही जहाज-लांब्या दूर असतानाच पिछाडीचा नांगर टाकतात. त्याला सुमारे ९०० फूट पोलादी दोर असतो. इंजिनं पुढे चालत राहतात, दोर सुटत जातो, पण त्यावर ताण कायम ठेवावा लागतो. ढिला पडला की पंख्यात गुंततो. नांगर फार आधी टाकला तर किनारा येण्यापूर्वी दोर संपतो. फार उशिरा टाकला तर परतताना ओढायला लांबी उरत नाही, नांगर वाळूत धरण्याऐवजी जहाजाकडे फरफटत येतो. टेकल्यावर पुढच्या टाक्यांत पाणी घेऊन नाळ दाबून ठेवतात, इंजिनं मंद पुढे ठेवतात, म्हणजे जहाज हलत नाही. मग दारं, मग रॅम्प. त्याआधी खालच्या डेकवर गाड्यांच्या साखळ्या आणि त्या आवळणारे टर्नबकल सोडायचे असतात आणि धूर बाहेर फेकणारे पंखे सुरू करायचे असतात. बंद पोटात डझनभर रणगाडे एकदम सुरू झाले तर माणसं गुदमरतात. सगळं उतरलं की उलटा क्रम: पुढचं पाणी उपसा, इंजिनं मागे, आणि पिछाडीच्या विंचवर दोर गुंडाळत जहाज स्वतःलाच ओढून काढतं. लॉगमध्ये ‘पिछाडीचा नांगर गमावला’ अशी ओळ दिसली तर ती किरकोळ समजू नका. पुढच्या किनाऱ्यावर ते जहाज आपल्या बळावर सुटू शकत नाही, ओढून काढणाऱ्या टगबोटीची वाट बघतं, आणि त्याचं वेळापत्रक कोलमडतं.

आता भूमध्य समुद्रातली वर्षं लवकर समजतील. मार्च १९४३ मध्ये जहाज अल्जीरियातल्या ओरानकडे निघालं, तिथे काही महिने चढ-उताराचा सराव झाला, आणि जुलैत सिसिलीतल्या गेलाच्या किनाऱ्यावर ते कामाला लागलं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. वाचायला सोयीचं वाटतं, पण एलएसटीला ते गैरसोयीचं. भरती नाही म्हणजे वाळूचे दांडे पाण्याखाली तसेच राहतात, त्यांवरून उचलून नेणारं पाणी येत नाही. जहाज दांड्यावर टेकायचं आणि पलीकडे पुन्हा खोल पाणी. तोडगा म्हणून पोलादी पेट्या जोडून केलेले तरंगते पूल जहाजाच्या कुशीला बांधून आणत. एकेक तुकडा १७५ फुटांचा, दोन तुकडे एकमेकांवर सरकवून हवी ती लांबी करता यायची. १० जुलैला गेलासमोरच एलएसटी-३१३ विमानहल्ल्यात गेली. थांबलेलं, दारं उघडलेलं, नांगराने बांधलेलं जहाज पळू शकत नाही. ‘लार्ज स्लो टार्गेट’ हे खलाशांनी ठेवलेलं नाव तिथून समजतं. सप्टेंबरात ३२५ सालेर्नोला ब्रिटिश रणगाडा पथक घेऊन गेली. नोव्हेंबरात इंग्लंडकडे जाताना ताफ्यावर जर्मन विमानांनी रेडिओने वळवता येणारे बॉम्ब टाकले, तरी जहाज प्लिमथला पोचलं.

तुमचा मुख्य प्रश्न ७ जूनचा. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि ते उशिरा पोचणंही नव्हे. ५ जून १९४४ ला जहाज फालमथहून निघालं तेव्हा त्यावर ५ व्या इंजिनिअर स्पेशल ब्रिगेडचे लोक होते: ५९ वाहनं, ३१ अधिकारी, ४०८ सैनिक. ही ब्रिगेड नॉर्मंडीतला ‘ओमाहा’ या सांकेतिक नावाचा किनारा चालवायला नेमलेली होती. अडथळे काढणं, वाट बांधणं, माल उतरवून घेणं हे तिचं काम. तिची जागा मागच्या फळीत असणं हाच आराखडा होता. आणि एलएसटी पहिल्या लाटेत पाठवत नसत याला कारण होतं. किनाऱ्यावर सुरुंग लावलेले खांब, वर तोफा, आणि जहाजांचा तुटवडा असा की दक्षिण फ्रान्सची मोहीम मुख्यतः एलएसटी पुरेशा नाहीत म्हणून जूनवरून ऑगस्टवर गेली. ७ जूनला ३२५ किनाऱ्याला न लागता समोर नांगरून राहिली आणि पाण्यात-जमिनीवर चालणाऱ्या ‘डक’ गाड्यांवर आणि छोट्या बोटींवर माल उतरवला. लाटांवर हलणाऱ्या दोन जहाजांमध्ये ट्रक सरकवणं हे वेळखाऊ आणि बेभरवशाचं काम. त्यामुळे ‘७ जून: नांगरलो, उतरवणं सुरू’ आणि ‘उतरवणं पूर्ण’ या दोन नोंदींमध्ये किती तास गेले ते जरूर मोजा.

त्यानंतरचा बदल माझ्या मते सगळ्या मोहिमेतला सर्वांत उपयोगी, आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं. एलएसटीला ओहोटीत कोरड्या वाळूवर बसवलं तर कणा मोडेल अशी आधी धास्ती होती. पहिल्या काही दिवसांत करून बघितलं, आणि सपाट तळ टिकला. मग रीत पडली: भरती पुरती चढून उतरू लागली की टेकायचं, सुकती लागली की पाणी आपोआप मागे जातं, गाड्या कोरड्या वाळूवरून थेट निघून जातात, आणि साडेबारा तासांनी पुढची भरती जहाज उचलते. कोकणात होड्या सुक्यावर बसवून तळ खरवडतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त ३२८ फुटी. यात धोका एकच, पण मोठा. उधाणाच्या सर्वांत मोठ्या भरतीला अगदी वर जाऊन बसलात, तर पुढच्या भरत्या उतरत्या असतात. पाणी तळापर्यंत येतच नाही आणि भांग, म्हणजे लहान भरत्यांचे दिवस, सरून पुढचं उधाण येईपर्यंत जहाज वाळूवर. म्हणून नोंदींतल्या तारखा तिथी बघून वाचा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एखादं जहाज एकाच किनाऱ्यावर आठ-दहा दिवस दिसलं, तर आधी हीच शंका घ्यायची आणि मग मोडतोड शोधायची.

अशा रीतीने जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात ३२५ ने इंग्लिश खाडी चाळीसहून अधिक वेळा ओलांडली. ओमाहा, यूटा, गोल्ड, जूनो हे किनारे आणि सीन नदीतून वर रुआँपर्यंत. सरासरी आठवड्याला एक फेरी, हिवाळ्यासकट. जाताना गाड्या आणि माणसं, येताना जखमी. रणगाड्यांच्याच डेकवर भिंतींना कंस लावून स्ट्रेचर एकावर एक अडकवत, आणि त्यासाठी वैद्यकीय पथक जहाजावर असे. एकट्या नॉर्मंडीहून अशा जहाजांनी ४१,०३५ जखमी परत आणले. तुमच्या लेखाचा गाभा हाच भाग. सिसिली नि सालेर्नो दोन परिच्छेदांत आटपा, पण या दहा महिन्यांना पानं द्या.

त्यातली एक फेरी वेगळी काढून लिहा: २८ डिसेंबर १९४४. साउदॅम्प्टनहून ल हाव्रला अमेरिकी सैनिक नेणारं ‘एम्पायर जॅव्हलिन’ फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ स्फोट होऊन बुडू लागलं. ओमाहावर पहिल्या लाटेतले सैनिक उतरवणारं तेच जहाज. ३२५ ने सुमारे ७०० माणसं वाचवली आणि कप्तान लेफ्टनंट कमांडर क्लिफर्ड मोझियर यांना ब्राँझ स्टार मिळाला. बहुतेक ठिकाणी ‘टॉर्पेडोने बुडालं’ असं सापडेल आणि यू-७७२ या पाणबुडीचं नावही. नंतरच्या फेरतपासणीत ती पाणबुडी १७ डिसेंबरलाच बुडाली होती असं मानलं गेलं, त्यामुळे सुरुंगाची शक्यता पुढे आली. ‘स्फोट होऊन बुडालं’ एवढं लिहिलंत तर कुणी खोडू शकणार नाही. जुनी ओळ एकाने लिहायची आणि पन्नासांनी उतरवायची, हे या विषयात पदोपदी होतं.

परतीचा प्रवास मात्र कुणी गाळू नये. १२ मे १९४५ ला बेलफास्टहून ताफा निघाला. युरोपातलं युद्ध संपलं होतं. दोन दिवसांनी वादळात जहाज मोठ्या लाटेत नाळ खुपसून आदळलं आणि मुख्य डेकवर आडवी भेग गेली. लांब, सपाट, हलकं जहाज. लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोकं लोंबतात आणि डेकचा पत्रा ताणला जातो. त्यात सगळं अंग वेल्डिंगचं. रिव्हेटच्या जोडकामात पत्र्याच्या सांध्याशी भेग अडते, अखंड वेल्डमध्ये ती पळत सुटते. जहाजावरच्या कारागिरांनी भर वादळात भेगेवर पोलाद वेल्ड करून ती थोपवली आणि ३१ मेला जहाज नॉरफोकला लागलं. गोळा न लागता जहाज जवळजवळ गेलं होतं, ते इथे.

युद्धोत्तर काळ भराभर सांगतो. २ जुलै १९४६ ला फ्लॉरिडात ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जला सेवामुक्त. १९५१ मध्ये लष्करी सागरी वाहतूक सेवेत पुन्हा दाखल. कॅनडाचा पूर्व किनारा आणि ग्रीनलंडकडच्या रडार ठाण्यांना सामान पोचवणं, जिथे धक्का नाही तिथे हेच जहाज चालतं म्हणून. १९६१ मध्ये नोंदवहीतून नाव कमी. १९६४ मध्ये ग्रीसला, तिथे ‘सिरोस’ या नावाने एल-१४४ म्हणून डिसेंबर १९९९ पर्यंत. बेरीज करून बघा: अमेरिकी नौदलातली पहिली, युद्धकाळातली सेवा साडेतीन वर्षं, ग्रीक नौदलात पस्तीस. तुमच्या लेखात ग्रीसला निदान एक पूर्ण परिच्छेद हवा. मग नोव्हेंबर २००० मध्ये सरासरी बहात्तर वयाच्या निवृत्त खलाशांनी ते क्रीटहून हाकारलं आणि १० जानेवारी २००१ ला अलाबामातल्या मोबाइलला आणलं.

आता कामाला कसं बसायचं ते. एक तक्ता करा, ओळ फेरीची, दिवसाची नाही. रकाने: निघालं कुठून नि कधी, लागलं कुठे नि कधी, पुढचा-मागचा ड्राफ्ट (जहाज किती फूट पाण्यात बुडालेलं होतं), काय भरलं, उतरवायला किती तास, सुटलं कधी, येताना काय आणलं, आणि मोडतोड. वेळेपुढचं अक्षर सोडू नका. जून १९४४ च्या नोंदींत ‘बी’ असतं, म्हणजे ग्रिनिचच्या दोन तास पुढे. ते न बघता भरतीच्या कोष्टकाशी जुळवलंत तर जहाज भर ओहोटीत किनाऱ्याला लागलेलं दिसेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. एका जहाजाची डायरी अडली की त्याच गटातल्या शेजारच्या जहाजाची उघडा. ताफा एकच असतो, आणि एकाचा कारकून आळशी असला तरी दुसऱ्याचा नसतो. ‘पूर्वीप्रमाणे नांगरलेले’ अशी ओळ चार-चार तासांच्या प्रत्येक पहाऱ्यात येईल. ती उतरवू नका, पण किती वेळा आली ते मोजा, कारण वाट बघण्यात गेलेले दिवस तिथूनच मिळतात.

आपल्या नौदलाबद्दल: हो, होतं. ब्रिटनने युद्धाच्या अखेरीला बांधलेल्या एलएसटी-३ वर्गातलं ३०११ क्रमांकाचं जहाज १९४९ मध्ये भारताने घेतलं आणि त्याला ‘मगर’ नाव दिलं. हेच नाव नंतर कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या जहाजाला मिळालं. ते १९८७ मध्ये दाखल झालं आणि मे २०२३ मध्ये कोचीला निवृत्त झालं. शोध घेताना दोघांची गल्लत टाळा. आणि पहिली ‘मगर’ अमेरिकी रचनेची नव्हती. ब्रिटनला पुरेशी डिझेल इंजिनं मिळत नव्हती म्हणून त्या वर्गात वाफेची इंजिनं बसवली, जहाज जड झालं आणि जास्त खोल बसू लागलं. वर दिलेले ड्राफ्टचे आकडे तिला लावू नका.